तारी नावाची हाक

मित्रांनो, मी एक जुनं आडनाव आहे. माझी अक्षरं दोनच, तारी. आधीच सांगून ठेवतो, मला एका जागी बसवत नाही. सगळा जन्म या काठावरून त्या काठावर करण्यात गेला, त्याला मी तरी काय करू?

माझ्या घराण्यातला पहिला माणूस कोकणातल्या एका खाडीवर तर चालवायचा. तर म्हणजे माणसं, गुरं, भाताची पोती पलीकडे नेणारी होडी, आणि ती चालवणारा तो तारी. त्याचं खरं नाव काय होतं, ते आता मलाही आठवत नाही. त्या नावानं त्याला कुणी बोलवतच नसे. पलीकडच्या काठावर माणूस आला की तोंडाशी हात धरून ओरडायचा, "तारीऽऽ, ओऽऽ!" मग हा जेवत असो की जाळं विणत असो, इकडून उत्तर जायचं, "आलोऽऽ!" म्हणजे बघा, मी काही जन्मापासून आडनाव नव्हतो. मी आधी एक हाक होतो.

पुढे खाडीवर पूल झाला. होडी काठावर पालथी पडली आणि तिच्याखाली कोंबड्या बसू लागल्या. हाक मारायचं कुणाला कारण उरलं नाही. घरातली मुलं शाळेत गेली, तेव्हा गुरुजींनी मला दाखल्यावर शेवटी लिहिलं आणि मी आडनाव झालो. शेवटी उभं राहायचं आणि पुढच्या नावांची पाठराखण करायची, एवढंच काम. चुळबूळ व्हायची, पण सांगणार कुणाला?

असं करत करत मी रत्नागिरीला विलास तारी यांच्या घरी आलो. ते पोस्टात होते. त्यांना भाऊ नाही, चुलत भाऊ नाही. मुलगी एकच, सुनेत्रा. येणारेजाणारे सहज म्हणायचे, "विलासराव, तुमचं आडनाव आता इथेच थांबलं हो." विलासराव हसायचे आणि चहा टाकायला सांगायचे. मित्रांनो, तुम्हाला कुणी तोंडावर सांगितलं की तुम्ही आता थांबलात, तर कसं वाटेल?

सुनेत्रा शिकायला जर्मनीत गेली, डार्मश्टाटच्या विद्यापीठात. मी तिच्याबरोबर गेलो, आणि काय सांगू, माझं नशीबच फळफळलं. तिथे प्राध्यापक, घरमालकीण, ग्रंथालयातली बाई, सगळे तिला आडनावानं बोलवायचे. "फ्राऊ तारी, गुटन मॉर्गन," म्हणजे तारीबाई, नमस्कार. इतकी वर्षं शेपटाला उभा होतो, तो एकदम पुढे आलो. दिवसभर कुणी ना कुणी मला हाक मारत होतं आणि सुनेत्रा "या" म्हणून, म्हणजे त्यांच्यात हो म्हणून, वळत होती. तेवढीच दोन-तीन वर्षं मी जरा शांत झोपलो.

मग तिचं लग्न झालं. चंद्रशेखर शिरोडकर झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होता. मुलगा भला. आडनाव बदल असं तिला कुणी म्हटलंही नाही. सगळ्याजणी बदलतात, तसं तिनंही बदललं. नव्या घराच्या घंटेवर पाटी लागली, शिरोडकर. मी खाली जिन्यातच अडकल्यासारखा झालो. आता माझ्या वाट्याला रत्नागिरीचं ते एक दार, आणि विलासरावांचं वय वाढत चाललेलं.

दोन हजार सहा साली सुनेत्राला दिवस गेले. एका रविवारी भाजी निवडता निवडता ती नवऱ्याला म्हणाली, "शेखर, बाळाचं नाव तारी ठेवायचं?"

"ते तर तुझं आडनाव."

"होतं. आता कुणाचंच नाही, बाबांशिवाय."

चंद्रशेखर विचार करून म्हणाला, "मला आवडेल गं. पण ताईला कोण सांगणार?"

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण वासंती. आई लवकर गेली, त्यामुळे हिनंच त्याला वाढवलेलं. बाळंतपणाला तीच पुण्याहून येणार होती. आणि मित्रांनो, आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं करतात आणि बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. आईबापांनी काहीही ठरवू दे, आत्याच्या तोंडून निघेल ते नाव. माझा जीव आता त्या बाईच्या ओठांवर टांगला होता.

वासंतीताई आल्या त्या डिंकाचे लाडू आणि एक नाव घेऊनच. मुलगी झाली तर अन्वी. मुलगीच झाली. सुनेत्रानं भीत भीत मला पुढे केलं, तर ताई म्हणाल्या, "आडनाव का कुणी नाव म्हणून ठेवतं? आणि माहेरचं? उद्या शिरोडकरांकडे लोक काय म्हणतील?"

सुनेत्रानं वडिलांना फोन लावला. ते तर आणखी घाबरले. "असलं काही करू नकोस बाळा. व्याह्यांना वाईट वाटेल. माझं काय, माझं झालं आता." ते माझ्याबद्दलच बोलत होते, आणि माझ्यासमोर. सुनेत्रानं फोन ठेवला आणि ती बाळाकडे तोंड करून रडली. मी त्या घरात नुसता येरझाऱ्या घालत होतो. इस्पितळातले लोक नाव विचारत होते, शेजारीण विचारत होती, आणि बाळाच्या इस्पितळातल्या चिठ्ठीवर अजून नुसतंच शिरोडकर होतं.

तिकडे बाळंतिणीला बघायला सुईण घरी येते. तिचं नाव फ्राऊ शेफर. बाळाचं वजन करता करता तिनंही तेच विचारलं. चंद्रशेखरनं सांगितलं, नाव आत्या ठेवणार. फ्राऊ शेफरनं कौतुकानं वासंतीताईंकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि यांचं नाव?"

"सुधा नाडकर्णी," ताईंनी पासपोर्टवरचं सांगितलं.

"आणि जन्माचं?" तिकडे लग्न झालेल्या बाईला हे विचारायची पद्धतच आहे. चंद्रशेखरनं मराठीत सांगितलं, "ताई, तुझं जन्माचं नाव विचारतेय ती."

ताईंनी हातातलं दुपटं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "वासंती शिरोडकर." लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं सुधा असं लिहिलं, आणि त्यांची दोन्ही नावं एकाच दिवशी गेली. वासंतीताई म्हणणारा आता भाऊच काय तो उरला होता. फ्राऊ शेफरला हे नीट कळेना. "दोन्ही?" तिनं पुन्हा विचारलं.

"गेनाऊ, अगदी तसंच," सुनेत्रा हळूच म्हणाली. "दोन्ही."

त्या दुपारी बाळाला तेल लावताना ताईंनी एकदम विचारलं, "तुमच्या त्या खाडीवर बायका पण हाक मारायच्या का गं?"

"मारायच्या की. आजोबा सांगायचे, माहेरी निघालेली बाई पलीकडे दिसली की तारी हातातला घास टाकून उठायचा. तिला ताटकळत ठेवायचं नाही, असा आमच्याकडे नियमच होता."

ताई बाळाच्या पायाला तेल चोळत राहिल्या. मला काहीच कळेना. हो नाही, नाही नाही. बाई, बोल काहीतरी, असं मला झालं होतं.

बाराव्या दिवशी छताला आकडा नव्हता म्हणून कपड्यांच्या टोपलीला साडी गुंडाळून पाळणा केला. कॉलनीतल्या दोघी-तिघी मराठी बायका आल्या. फोनचा स्पीकर लावून विलासराव रत्नागिरीहून ऐकत होते. ते सकाळपासून दहादा म्हणाले होते की अन्वी फार गोड नाव आहे. ताई वाकल्या. त्यांनी बाळाच्या कानाशी तोंड नेलं. "कुर्रर्र," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. त्या क्षणी मी कुठल्याच काठावर नव्हतो, नुसता मधल्या पाण्यात.

"तारी," त्या म्हणाल्या.

बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. ताई पाठ चोळत उठल्या आणि भावजयीला म्हणाल्या, "आणि हे बघ, नाव मी ठेवलंय. तुझ्या माहेरचं म्हणून नाही, मला आवडलं म्हणून. कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठव."

फोनमधून आवाजच येईना. लाइन तुटली की काय, म्हणून सुनेत्रानं दोनदा "बाबा, बाबा" केलं. आणि मग त्या पोस्टातल्या शांत माणसानं, ज्यानं उभ्या जन्मात कधी होडी वल्हवली नव्हती, मोठ्यानं हाक मारली. "तारीऽऽ, ओऽऽ!"

बाळाच्या वतीनं सुनेत्रानंच उत्तर दिलं, "आलेऽऽ!"

नोंदणी कचेरीतल्या बाई मला बघून जरा अडखळल्या. हे नाव मुलाचं की मुलीचं, ते कळत नाही म्हणाल्या, सोबत मुलीचं वाटेल असं दुसरं नाव द्या. म्हणून माझ्यामागे अन्वी उभी राहिली. वासंतीताईंची कळी खुलली. आल्झो, म्हणजे तर मग, सगळ्यांचंच झालं.

मित्रांनो, आता एकच मागणं आहे. आज घरी गेलात की आईला, आजीला तिचं जन्माचं नाव विचारा. पुरतं विचारा, पुढचं आणि मागचं. आणि एकदा त्या नावानं तिला हाक मारा. कितीतरी वर्षं ती काठावर उभी असेल, ओ द्यायला.

माझी तारी आता तीन वर्षांची झाली. मराठी सगळं समजतं तिला, पण उत्तर जर्मनमध्ये देते. बालवाडी सुटली की सुनेत्रा फाटकाशी उभी राहते आणि तोंडाशी हात धरून ओरडते, "तारीऽऽ, ओऽऽ!" बाकीच्या आया वळून बघतात. बघेनात का. घसरगुंडीवरून, वाळूतून, कुठूनही ती पोर हातातलं टाकून उठते आणि धावत सुटते.

"इश कोमऽऽ!" म्हणते. म्हणजे, आले.