ती ओरडत का नाही?

मला तो सिनेमा बघायचाच नव्हता. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हा हौसेने गेला होता.

मी कुलूपवाला. किल्ल्या बनवतो, कुलपं बसवतो, अडकलेली दारं उघडून देतो. सव्वीस वर्षं झाली. माझी वहिनी वाचनालय सांभाळते आणि महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तिथल्या वरच्या हॉलमध्ये जुने गाजलेले सिनेमे दाखवते. सिनेमा संपला की खुर्च्या गोल मांडायच्या आणि प्रत्येकाने आपलं मत सांगायचं, हा तिचा दंडक. "भावजी, या वेळी तुमच्या धंद्यातला सिनेमा आहे," ती म्हणाली. "घरात घुसणाऱ्यांचा. नाही आलात तर माझ्याशी बोलू नका." वहिनीपुढे माझी काय टाप!

निघता निघता फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता एक दार उघडून द्यायचं होतं. "मागच्या वर्षीही तुम्हीच उघडून दिलं होतंत," पलीकडचा माणूस म्हणाला. "काय हात आहे हो तुमचा! आता घर बदललंय, पण माझी किल्ली हरवायची सवय काही बदलली नाही." तो हसला, मीही हसलो. कौतुक केलं की मी जरा फुगतोच. पत्ता चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी शर्टाच्या खिशात घातली आणि शीळ घालत वाचनालयात पोचलो.

सिनेमा काळा-पांढरा. मोठं घर, घरात एकटी बाई, दारात दोन अनोळखी माणसं. ती दाराला साखळी लावते, दिवे घालवते आणि जिन्याखालच्या खोलीत जाऊन बसते. बाहेरचे आत कसे येतात आणि ती कशी निसटते, एवढाच दीड तासाचा खेळ. पण हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. दंतवैद्यीणबाईंनी शेजारणीचा हात इतका घट्ट धरला होता की नंतर तिच्या मनगटावर वळ दिसत होते.

खुर्च्या गोल झाल्या. निवृत्त मुख्याध्यापकांनी नेहमीप्रमाणे पहिला नंबर लावला. "छायाचित्रण उत्तम. पण मला एक कळत नाही. ती ओरडत का नाही? शेजारी माणसं आहेत, रस्ता आहे. तोंड उघडायला काय जातं? न पटणारी गोष्ट आहे ही."

"अगदी बरोबर," दंतवैद्यीणबाई म्हणाल्या. "मी असते तर सगळी गल्ली गोळा केली असती!"

"तुम्ही नुसत्या हसलात तरी गल्ली गोळा होते," वहिनी म्हणाली. सगळे खो खो हसले. घाबरून बसलेल्या माणसांना हसायला निमित्तच हवं असतं.

मग माझी पाळी आली. आता मला गप्प बसता येतं का? नाही. लहानपणापासून नाही.

"सगळं ठीक आहे," मी म्हटलं, "पण ती साखळी! तारेचा एक झटका दिला आणि निघाली? अहो, काय पोरखेळ आहे? साखळी अशी निघत नाही. मी काढलीय, मला विचारा."

"कधी?" मुख्याध्यापक पुढे सरकले.

झालं. मी उठून उभाच राहिलो. "मागच्या वर्षीची गोष्ट. एक सद्गृहस्थ दुकानात आले. हातात भाजीची पिशवी, त्यातून पालक बाहेर डोकावतोय, चेहरा रडवेला. म्हणाले, किल्ली हरवली. गेलो. लॅच उघडायला मला लागले चाळीस सेकंद. दार ढकलतो तर काय, आतून साखळी! म्हटलं, साहेब, आत कोणीतरी आहे. ते म्हणाले, बायको आहे, झोपली असेल, तिला ऐकू कमी येतं. आता बोला! बायको बहिरी, नवरा बाहेर, भाजी सुकतेय." इथे लोक हसले, आणि मला आणखी चेव आला. "मला कुलपाशी बोलायची सवय आहे. कटर लावला आणि म्हटलं, चल गं राणी, उघड आता, किती लाजशील..."

"बघा साहेब, लाजत लाजत का होईना, उघडली."

हे मी म्हटलं नव्हतं. म्हणणार होतो. माझ्या तोंडातलं पुढचं वाक्य दुसरंच कोणीतरी बोललं होतं.

दाराजवळच्या खुर्चीत चष्म्याच्या दुकानातली बाई बसली होती. पाचसहा महिन्यांपूर्वी आमच्या भागात राहायला आलेली. पुस्तकं बदलायला यायची, कोणाशी फार बोलायची नाही. वहिनीनेच तिला आग्रहाने बोलावलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"असंच म्हणालात ना तुम्ही?" तिने विचारलं. "मी दाराच्या मागे होते. दोन्ही हातांनी दार दाबून धरलं होतं. मला चांगलं ऐकू येतं."

खुर्चीत बसलो की पडलो, आठवत नाही.

"सर, तुम्ही विचारलंत ना, ओरडत का नाही," ती मुख्याध्यापकांना म्हणाली, अगदी हळू, जसा गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर सांगावा. "आवाज फुटत नाही. बाहेर माणूस आहे, चांगला माणूस वाटतोय, हसतोय, त्याला एक हाक मारली तर तो थांबेल, सगळं कळतं. पण घशातून काही येतच नाही. मग साखळी तुटली. यांनी हत्यारं गोळा केली आणि हे गेले. नंतर मी अकरा दिवस दवाखान्यात होते."

मुख्याध्यापकांनी मान खाली घातली. मला आठवलं. जिना उतरताना वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला होता. मी मनात म्हटलं होतं, नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडा. आणि वर्षभर हाच किस्सा मी लग्नात, दुकानात, केस कापायला बसलो की तिथेसुद्धा, हातवारे करून सांगत होतो. लाज वाटली म्हणणं फार कमी झालं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

आणि मग डोक्यात दुसरी गोष्ट आली. मागच्या वर्षीही तुम्हीच उघडून दिलं होतंत. घर बदललंय.

खिशातून चिठ्ठी काढली. चिठ्ठी तिच्या हातात द्यायची हिंमत होईना, म्हणून वहिनीकडे दिली आणि वहिनीने ती तिच्यासमोर धरली.

"हा पत्ता कोणाचा आहे?" मी विचारलं. "उद्या सकाळी दहाला मला तिथे बोलावलंय."

तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

"माझा," ती म्हणाली. "साडेनऊला मी दुकानात जाते. साडेसहाला परत येते." मग म्हणाली, "म्हणजे मी घरी आले असते तेव्हा तो आत बसलेला असता."

दंतवैद्यीणबाई रडायला लागल्या. वहिनीने पोलिसांना फोन लावला.

नवऱ्याने तिच्या आसपास फिरकायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम तिच्याकडे होता. पोलीस म्हणाले, तुम्ही ठरल्याप्रमाणे जा, बाकी आम्ही बघतो. तिने किल्ल्या त्यांच्याकडे दिल्या. ती रात्र तिने वहिनीच्या घरी काढली. मी माझ्या घरी पाण्याचा घोटही घेतला नाही. बायको विचारत होती, मला सांगता येईना.

सकाळी दहाला पाच कमी असताना मी हत्यारांची पेटी घेऊन तिसऱ्या मजल्यावर उभा होतो. तो जिना चढून आला. तोच माणूस, तोच रडवेला चेहरा. आणि हातात, देवाशपथ सांगतो, भाजीची पिशवी. त्या पिशवीलाच तर मी मागच्या वर्षी सज्जनपणाचा दाखला समजलो होतो.

"या वेळी साखळी नसेल," तो म्हणाला. "करा लवकर."

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही. बायको कामावर गेलीय."

"मग तिलाच फोन करा ना. किल्ली घेऊन येईल."

त्याचा चेहरा बदलला. इतका पटकन बदलला की मी एक पाऊल मागे सरलो. तेवढ्यात दार आतून उघडलं आणि साध्या कपड्यांतल्या दोन पोलीस बायका बाहेर आल्या. पिशवी खाली पडली. एक टोमॅटो पायरी पायरीने घरंगळत खाली गेला. त्या माणसाला घेऊन पोलीस बायकाही खाली गेल्या, आणि मी तिथेच उभा राहिलो, पेटी न उघडताच.

तेव्हा मी तिचं दार नीट बघितलं. एक लॅच, किल्लीने लागणाऱ्या दोन कड्या, एक मोठं कुलूप. चारही नवी. चारही मला ओळखीची.

अर्ध्या तासाने वहिनी तिला घेऊन वर आली. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आम्ही दोघं दाराकडे बघत होतो. रात्रभर घोकलेलं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. माफ करा, चुकलो, सगळी कुलपं मी बदलून देतो, सगळ्यात भारी बसवतो, आत्ताच्या आत्ता. पण आधी तीच बोलली.

"किती वेळ लागला असता तुम्हाला? चारही उघडायला?"

मी तोंड उघडलं. सव्वीस वर्षं हा प्रश्न कोणी विचारला की मी छाती फुगवून उत्तर दिलंय. आज घशातून काही येईना. वहिनीने माझ्याकडे बघितलं, पण मदत केली नाही.

"सात मिनिटं," शेवटी मी म्हटलं.

तिने मान डोलावली. एकेक कुलूप बोटाने चाचपून बघितलं.

"मग अजून एक बसवते," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाकडून तरी."