दंडातला उंदीर

प्लास्टर कापून हात मोकळा झाला आणि पैलवानाने तोंडच फिरवलं. हा काटकुळा हात आपला? क्लबच्या दारावर उभं राहायचं आणि दंगा करणाऱ्याला नुसता दंड दाखवून गार करायचं, यावर तर त्याचं पोट चालायचं. मालक त्याची ओळखच करून द्यायचा, "हा आमचा मसल." जिन्यावरून पडल्याचं निमित्त झालं, हाड मोडलं, नस दबली. हाड जुळलं, पण हात काही वाकेना.

व्यायामाला सोबत आत्या यायची. तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. जन्मभर इंग्रजी शिकवून ती आता घरी बसली होती. फिजिओथेरपीच्या बाई म्हणायच्या, "वाकवा." तो दातओठ खायचा. दंड ढिम्म.

"माझा मसल मेला, आत्या."

"मसल म्हणजे काय रे?"

"ताकद. दुसरं काय?"

"ते आत्ताआत्ताचं. आधी नुसता स्नायू. आणि मुळात, लॅटिनमध्ये, एवढुस्सा उंदीर. आपला मूषक हा शब्दही त्याच्याच भाऊबंदांतला."

पैलवानाला ते झोंबलं. "म्हणजे इतकी वर्षं मी उंदीर मिरवत होतो?"

बाईंना हसू आवरेना.

मग एका सकाळी तो कंटाळून खिडकीबाहेर बघत असताना बाई ओरडल्या, "हलू नका! परत करा!"

त्याने खाली पाहिलं. कातडीखाली काहीतरी थरथरलं, सुळकन वर सरकलं आणि दडलं. चादरीखालून पळावं तसं. हात बोटभरही उचलला नव्हता, पण पैलवानाच्या अंगावर काटा आला.

"उंदीर," तो पुटपुटला. या वेळी कुणी हसलं नाही.

"लहानपणी तू दंड फुगवून काय दाखवायचास?" आत्याने हळूच विचारलं.

"बेटकुळी."

"म्हणजे बेडकीच की रे. लॅटिनवाल्यांना उंदीर दिसला, आपल्या लोकांना बेडूक."

त्याने पुन्हा आपल्या दंडाकडे पाहिलं. कुठली कोण माणसं, ना ओळख ना पाळख, हजारो वर्षांपूर्वी स्वतःच्या दंडाकडे बघत बसली असतील; आणि सगळ्यांना एकच वाटलं होतं, आत काहीतरी जिवंत आहे. त्याला मात्र वाटत आलं होतं की हे सगळं आपण जिममध्ये घडवलंय.

"आत्या, तुझा हात दाखव."

"माझा? काहीतरीच तुझं!" पण तिने बाही वर केली आणि कोपर वाकवलं. सुरकुतलेल्या सैल कातडीखालून एक इवलासा जीव टुणकन वर आला. पैलवानाने त्यावर अलगद बोट ठेवलं, दाबलं तर पळून जाईल अशा बेताने.

हात भरायला बराच काळ गेला. आता तो पुन्हा दारावर उभा असतो. एखाद्या दंगेखोराचा दंड पकडला की त्याच्या बोटांखाली काहीतरी उसळी मारतं, आणि त्या माणसाला बाहेर काढायचंय हे पैलवान क्षणभर विसरूनच जातो.