पहिल्या अंकाचा चेहरा

मीराबाईंच्या चेहऱ्याला तडे गेले, ही बातमी घरात त्यांनी स्वतःच आणली. तालमीवरून आल्या, चपला काढल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "उन्हाळ्यात तळं आटलं की तळची माती कशी फुटते, तसा दिसत होता म्हणे माझा चेहरा. सगळ्यांनी पाहिला."

कीर्तीच्या मांडीवर दहा महिन्यांची संबोधी दूध पीत होती, म्हणून तिला उठता आलं नाही. बसल्या बसल्याच तिने सासूकडून सगळं काढून घेतलं.

मीराबाईंनी तीस वर्षं अंगणवाडीत काढली होती. राजेंद्र नगरच्या पलीकडच्या वस्त्या त्या उन्हातान्हात पायी फिरल्या होत्या, आणि त्या उन्हाने कपाळावर, डोळ्यांच्या कडांना, ओठांच्या दोन्ही बाजूंना आपली सही करून ठेवली होती. लहानपणी महूला चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात त्या नाटुकल्यांतून कामं करायच्या. मग लग्न झालं, नोकरी लागली आणि चाळीस वर्षं रंगमंचाचं नाव नाही. निवृत्त झाल्यावर प्रतापरावांच्या हौशी मंडळात गेल्या आणि पहिल्याच नाटकात त्यांना मुख्य काम मिळालं. छावणीतल्या एका धोबिणीची गोष्ट, अठराव्या वर्षापासून सत्तरीपर्यंत. जानेवारीत शहरातल्या लालबागच्या जत्रेत प्रयोग होता.

त्या दिवशी रंगभूषेची चाचणी झाली. मंडळाचे रंगभूषाकार दिनानाथ, सगळ्यांचे 'भिया' म्हणजे भाऊ, त्यांनी रंग लावला, वरून पावडर थापली, दिवे पेटले. पहिल्या अंकात अठरा वर्षांची धोबीण खळखळून हसते. मीराबाई हसल्या आणि थंडीने कोरड्या पडलेल्या कातडीवर तो रंग रेघेरेघेतून फुटला. प्रतापराव बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला फार मऊ. ते म्हणाले होते, "मीराबाईजी, बुरा मत मानिए, पण पहिला अंक पलकला देऊ या. दुसरा तुम्ही करा." पलक कॉलेजातली, गालांवर एक रेघ नाही. तरी मीराबाईंचा पडलेला चेहरा पाहून त्यांनी तीन आठवड्यांनी पुन्हा एक चाचणी घ्यायचं कबूल केलं.

"अर्धं काम तर हातात आहेच ना, आई," कीर्ती म्हणाली.

"म्हातारपण मी घरीही करतेच की. मला ती अठराची करायची होती."

हे ऐकलं आणि कीर्तीच्या अंगात काहीतरी सळसळलं. दहा महिने तिचा दिवस दोन दुधांच्या मधल्या वेळात मावत होता. आज कुणाला तरी काहीतरी मनापासून हवं होतं, आणि ते मिळवून देणं आपल्या हातात आहे असं तिला वाटलं. संबोधी झोपेपर्यंत तिने एका हाताने मोबाइलवर पन्नास उपाय वाचून काढले.

दुसऱ्या दिवशी ती उत्साहाने एका पार्लरमधून पत्रक घेऊन आली. सहा बैठकांचा जो आकडा त्यावर होता, त्यात संबोधीचं वर्षभराचं दूध आलं असतं. मीराबाईंनी पत्रक नीट पाहिलं, कागद गुळगुळीत आहे म्हणाल्या, आणि कपाटाच्या खणात अंथरून टाकलं.

मग घरचा उपाय. लिंबू, हळद, बेसन. शेजारपाजारच्या सगळ्यांनी एकमुखाने सांगितला, आणि लिंबाने चेहरा उजळतो हे कोण नाकारणार? कीर्तीने तीन दिवस थर लावले, सुकवले, खरवडून काढले. चौथ्या दिवशी मीराबाईंचे गाल लालभडक झाले आणि नाकाशेजारची कातडी सोलून निघाली. त्यांनी ताप आलाय असं मंडळाला कळवलं आणि ओढणी गुंडाळून बसून राहिल्या. कीर्ती न्हाणीघरात नळ सोडून रडली. वाईट तिला याचं वाटत होतं, की सासूने एकदाही तिला बोल लावला नव्हता.

उपाय सापडला तो गच्चीवर.

सकाळच्या कोवळ्या उन्हात मीराबाई पाय पसरून बसायच्या, न्हाऊ घातलेल्या संबोधीला पायांवर घ्यायच्या आणि अंग ओलसर असतानाच तेल चोळायच्या. कोरड्या अंगावर तेल नुसतं वर बसतं, ओल्या अंगात ते पाणी धरून ठेवतं, असं त्या म्हणायच्या. कीर्ती रोज हे बघत होती. त्या दिवशी मात्र तिची नजर नातीवर न जाता आजीच्या हातांवर गेली. मनगटापर्यंत दोन्ही हात मऊ, तुकतुकीत. त्याच्या वर कोपरापर्यंत पापुद्रे सुटलेले.

तिने एक हात उचलून उलटासुलटा केला. "आई, हे हात तुमचेच आहेत ना?"

"नाही, शेजारणीचे मागून आणलेत. संध्याकाळी परत करायचेत."

कीर्तीला हसू आवरेना. तीच बाई, तेच वय, तेच ऊन, आणि दहा महिन्यांच्या मालिशीने हातांचं हे झालं होतं. तरी लिंबाने एकदा अक्कल शिकवली होती, म्हणून संबोधीच्या लसीच्या दिवशी ती सासूलाही सरकारी दवाखान्यात घेऊन गेली आणि तिथल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी चेहरा पाहिला, आधी लिंबावरून दोघींना झापलं आणि दोन मिनिटांत सांगून टाकलं. रेघा काही जाणार नाहीत, कोरडेपणा जाईल. चेहऱ्याला तेल नको. कोमट पाण्याने धुवायचा, ओलसर असतानाच बिनवासाची साधी घट्ट क्रीम लावायची, सकाळ-संध्याकाळ. बाहेर पडताना उन्हाची क्रीम आणि डोक्यावर ओढणी. दोन्ही ट्यूब मिळून पाचशेच्या नोटेतून पैसे परत आले, त्याचे कीर्तीने पेरू घेतले.

"म्हणजे रेघा राहणारच," मीराबाई पेरू खाताना म्हणाल्या.

"राहू द्या. रंग फुटला नाही म्हणजे झालं."

त्यानंतरचे दिवस कीर्तीने हातात दिवा धरून चालावं तसे सांभाळले. सकाळी गच्चीवर आधी नात, मग आजी. मीराबाई डोळे मिटून बसायच्या, कीर्ती बोटांच्या टोकांनी क्रीम टेकवायची, आणि त्या तशाच अठरा वर्षांच्या धोबिणीची वाक्यं म्हणायच्या. संबोधी रांगत यायची आणि उरलेल्या क्रीमचा पंजा आजीच्या गालावर उमटवून जायची. आठव्या दिवशी सोलवटलेली कातडी बसली. बाराव्या दिवशी कीर्तीने गालावर करंगळी दाबून पाहिली आणि जिन्यातूनच नवऱ्याला, पंचशीलला, फोन लावला. तो ऑफिसात होता. त्याला वाटलं, मुलीला दात आला.

चाचणीच्या दिवशी ती मुलीला कडेवर घेऊन दिनानाथ भियांसमोर उभी राहिली. रंगाआधी अर्धा तास क्रीम, ओला स्पंज, पावडर फक्त नाकावर, एवढंच तिचं मागणं होतं. चाळीस वर्षं चेहरे रंगवणाऱ्या माणसाला ते झोंबलं.

"मॅडम, या मुलीच्या डोक्यावर केस नसतील, तेवढे चेहरे मी रंगवलेत."

कीर्तीने संबोधीची टोपी काढली. खाली सगळं चकाचक होतं. "म्हणजे दहा-बारा झाले असतील, भिया."

पलक फिसकन हसली. दिनानाथ भियांनी त्या टकलाकडे बराच वेळ पाहिलं, मग त्यांचीही मिशी हलायला लागली. "आणा तुमची क्रीम," ते म्हणाले.

दिवे पेटले. मीराबाई आल्या, बादली ठेवली, लटक्या रागाने मान उडवली. कीर्ती सगळी वाक्यं ओठांत म्हणत होती. ते हसू आलं. आख्खा चेहरा हसला, गाल वर गेले, डोळे बारीक झाले, आणि रंग जागच्या जागी राहिला. प्रतापराव उठून मंचाजवळ गेले, चष्मा वर करून पाहिलं, मग शेवटच्या रांगेत जाऊन पाहिलं.

"छान. एकदम छान," ते म्हणाले, पण आवाजात अडचण होती. दोन अंकांच्या मध्ये एका गाण्याएवढा वेळ होता, आणि हा चेहरा उतरवून म्हातारपण रंगवायला दिनानाथना वीस मिनिटं लागत. हे आधी त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सत्तरीचं काम पलकला पेलणार नाही, तेव्हा पहिला अंकच तिला द्यावा लागेल.

तीन आठवड्यांत कीर्तीने फक्त चेहऱ्याचा विचार केला होता, घड्याळाचा नाही.

मीराबाई मंचावरून उतरल्या नाहीत. बादलीत खरंच पाणी होतं. त्या खाली बसल्या. "गाणं लावा," म्हणाल्या. "मला एकदा बघू द्या."

गाणं सुरू झालं. दिवसभर कपडे आपटून दमलेली बाई बसावी तशा त्या जराशा बसून राहिल्या. मग पदराचं टोक बादलीत बुडवलं, पिळलं, आणि तोंड पुसायला लागल्या. कपाळ. मग एक गाल, मग दुसरा. घाई नव्हती. खाली मऊ कातडी होती, रंग ओल्या पदरासरशी सुटून येत होता, आणि त्याच्या मागून एकेक रेघ दिव्यात उजळायला लागली. पाठ वाकली. गाणं संपलं तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पन्नास वर्षं उलटली होती. म्हातारी पदराच्या डागांकडे बघत दुसऱ्या अंकाचं पहिलं वाक्य म्हणाली, "साहेबाचे कपडे धुता धुता माझाच रंग उतरला की."



प्रतापरावांनी रुमालाने चष्मा पुसला, तरी त्यांना नीट दिसेना. "दिनानाथ भिया," ते म्हणाले, "तुमचं म्हातारपणाचं सामान डब्यात टाका." पलकला त्यांनी धाकट्या बहिणीचं काम दिलं, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं, ती दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवत होती.

कीर्तीला टाळ्या वाजवायच्या होत्या. संबोधी खांद्यावर गाढ झोपली होती आणि दोन्ही हात अडकले होते, म्हणून ती पायानेच फरशी वाजवत राहिली. मीराबाईंनी मंचावरून तिच्याकडे पाहिलं. कानाजवळ रंगाचा एक ओघळ राहिला होता.

"कान पुसायचे राहिले," त्या म्हणाल्या. "पुन्हा करू या, अगदी पहिल्यापासून."

दिनानाथ भियांनी स्पंज आधीच भिजवला होता.