वडापमधली फुकटची जागा

गाडी लागली नाही, हे सगळ्यांनाच मान्य होतं. शिवलीलालाही. मलाही, कारण मी तिची सायकल उलटसुलट करून पाहिली होती आणि तिच्यावर दुसऱ्या वाहनाच्या रंगाचा एक ओरखडाही नव्हता.

शिवलीला बारावी सायन्सला माझ्या वर्गात होती. मी रसायनशास्त्र शिकवायचे. तिचं गाव गारगोटी रस्त्यावर, कॉलेजपासून नऊ किलोमीटर. ती आणि तिच्याच गल्लीतली वर्षाराणी अशा दोघी पहाटे साडेसहाला सायकलवर निघायच्या आणि सात-वीसच्या प्रॅक्टिकलला सात-दहाला हजर असायच्या. दीड वर्षात दोघींचा एकही उशीर माझ्या हजेरीत नाही.

त्याच रस्त्यावर वडापच्या जिपा धावायच्या. वडाप म्हणजे नऊ माणसांच्या परवान्यावर सतरा माणसं कोंबून शहरात आणणारी गाडी. या जीपवाल्यांची कट मारायची एक पद्धत होती. मागून येऊन कर्कश हॉर्न द्यायचा, सायकलला घासून पुढे जायचं आणि लगेच डावीकडे वळवायची. सायकलवाला घाबरून डांबरावरून खाली उतरतो. उतरला की रस्ता मोकळा. यात राग वगैरे नसायचा. मागे लोंबकळणारे लोक हसायचे, एवढंच.

अडचण अशी होती की डांबरावर दोनदा नवं डांबर चढवलं होतं आणि साइडपट्टीवर मात्र कुणी एक पाटी मुरूम टाकला नव्हता. शिवलीला पडली तिथे मी पट्टी लावून पाहिलं. रस्ता आणि साइडपट्टी यांच्यात एकोणीस सेंटिमीटरचा फरक होता. चालत्या सायकलचं पुढचं चाक एकोणीस सेंटिमीटर खाली गेलं तर काय होतं, हे समजायला विज्ञान शिकावं लागत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिचं उजवं मनगट मोडलं.

पुढच्या रविवारी मी तिच्या गावी गेले. तिच्या वडिलांचं, गुरुपाद यांचं, गावात किराणा दुकान होतं. दुकानासमोरच्या बाकावर बैठक बसली होती. मधोमध हंबीरराव. ते गावचे माजी सरपंच, गावातली भांडणं त्यांच्यापुढेच मिटायची. कट मारणारी जीपही त्यांचीच होती. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. जीप चालवणारा आकाराम डोक्यावरची टोपी हातात घेऊन खाली पायरीवर बसला होता.

"या मॅडम, बसा," हंबीरराव म्हणाले. "च्या सांगा रं मॅडमना. हां, आकाराम, बोल आता. मॅडमसमोर बोल."

"मी बेलभंडारा उचलून शपत घेतो," आकाराम म्हणाला. "माझी गाडी पोरीला लागल्याली न्हाय. आत्ता देवळात चला."

"लागली नाही, हे तीही सांगतेय," मी म्हटलं. "तुम्ही तिला रस्त्याखाली घातलंत की नाही, ते सांगा."

"मी कशाला घालू? मी हारन दिला. ती खाली उतरली. उतरल्यावर पडली."

"का उतरली?"

"हारन दिल्यावर उतरायला नगं व्हय?"

बाकावरच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. हॉर्न दिल्यावर उतरायलाच हवं, हे त्यांनाही मान्य होतं. मी वहीचं पान काढून रस्त्याची रुंदी, जीपची रुंदी, सायकलची रुंदी मांडून दाखवली. समोरून वाहन नसेल तर सायकलला दीड मीटर सोडूनसुद्धा जीप आरामात जाते. हंबीररावांनी कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि परत दिला.

"हिशोब बराबर हाय. पर मॅडम, हे कागदावर जातंय. रोडवर गाडीत सतरा मानसं असत्यात, त्येंचा जीव बगायचा का न्हाय?"

"सतरा का असतात?"

"बगा आता," हंबीरराव बाकीच्यांकडे वळून हसले, "ह्या कुठल्या कुठं निघाल्या."

मग त्यांनी निकाल दिला. आकारामची चूक नाही, पण पोरगी गावची आहे. तिचा हात बरा होईस्तोवर, नव्हे, परीक्षा होईस्तोवर आकारामने तिला जीपमधून कॉलेजला पोचवायचं. पुढची जागा. पैसे घ्यायचे नाहीत. आकाराम उठला आणि गुरुपादांच्या पाया पडला. गुरुपादांनी त्याला उठवून छातीशी धरलं. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

"मिटलं," हंबीरराव म्हणाले.

मी शिवलीलाकडे पाहिलं. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ती दाराच्या चौकटीत उभी होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. सायकल वडिलांनी मागच्या खोलीत, तेलाच्या डब्यांपलीकडे लावून टाकली होती.

वर्षाराणीलाही कुणी विचारलं नाही. ती पडली नव्हती, त्यामुळे तिच्याबाबतीत मिटवण्यासारखं काही नव्हतं. ती एकटी सायकलवरून येत राहिली.

फुकटच्या जागेचा दोष पहिल्याच आठवड्यात कळला. वडाप वेळेवर सुटत नाही, भरल्यावर सुटते. कधी सातला, कधी साडेसातला, बाजाराच्या दिवशी त्याहून आधी. शिवलीला पुढच्या जागेवर बसून सतरावं माणूस यायची वाट पाहायची. जानेवारीत प्लास्टर निघालं तेव्हा माझ्या हजेरीत तिचे अकरा उशीर होते, आणि ज्या सहा प्रयोगांमध्ये हात बसायला हवा होता ते तिने मागून येऊन अर्धेमुर्धे केले होते.

मी पुन्हा गेले. गुरुपादांनी दुकानातून उठून मला खुर्ची दिली.

"सायकल द्या तिला," मी म्हटलं. "हात बरा झालाय. डॉक्टरही हो म्हणालेत."

"मॅडम, ती पडली तवा दुधवाल्यानं येऊन सांगितलं, पोरगी रोडवर पडलीय. पडलीय म्हनला, हाताला लागलंय म्हनला न्हाय. हितनं तितवर मी कसा गेलो, मला म्हाईत न्हाय. मला परत तसं जायाचं न्हाय."

त्यांची भीती खरी होती. फक्त तिचा सगळा भार त्यांनी सायकलवर टाकला होता.

"मग निदान परीक्षेच्या दिवशी जीप वेळेवर सोडायला सांगा. बारा फेब्रुवारी. आठला सुरू होते. साडेआठनंतर बाहेरचे परीक्षक कुणालाही आत घेत नाहीत."

"आकाराम शब्दाचा पक्का हाय. म्या सांगतो."

आकाराम शब्दाचा पक्का होता, हेच पुढे नडलं. बारा तारखेला त्याने सव्वासात वाजेपर्यंत वाट पाहिली. गाडीत फक्त नऊ माणसं होती. दहावं यायच्या आत त्याने जीप काढली. असं त्याने आयुष्यात पहिल्यांदा केलं असेल. पण वाटेत उसाच्या दोन ट्रॉल्या आडव्या आल्या आणि पंचवीस मिनिटं गेली. मग तो सुटला. पुढचं मला शिवलीलाने आणि वर्षाराणीने वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि त्यांच्या सांगण्यात काही फरक नव्हता.

"तू घाबरू नगंस," तो शिवलीलाला म्हणत होता. "आट म्हंजे आट. मॅडमना तोंड दाखवायचंय मला."

हॉर्नवरचा हात त्याने काढलाच नाही. एक दूधवाला खाली उतरला. एमआयडीसीचे दोन कामगार उतरले. शिवलीला पहिल्यांदाच हे आतून पाहत होती. एरवी पुढच्या जागेवर चौघं कोंबलेले असायचे आणि ती मान खाली घालून पुस्तकात असायची. आज तिच्यासमोर फक्त काच होती.

कळंब्याच्या उताराला पुढे वर्षाराणी दिसली. पाठीला दप्तर, दप्तराला बांधलेला पांढरा ॲप्रन. तीही त्याच परीक्षेला निघाली होती.

"मामा, ती वर्षी हाय! हळू!"

"दिसली की मला," आकाराम म्हणाला आणि हॉर्न दिला.

शिवलीलाने आरशात पाहिलं तेव्हा रस्त्यावर सायकलच नव्हती.

"थांबवा!"

"आगं, लागली न्हाय. बगितलं म्या."

"थांबवा म्हनते न्हवं! न्हायतर उडी मारते."

तिने दार उघडलं. मग त्याला ब्रेक दाबावाच लागला. "आट वाजतील की गं!" तो मागून ओरडत राहिला, आणि माझी खात्री आहे की त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

वर्षाराणीचे दोन्ही तळवे सोलवटले होते आणि गुडघ्यातून रक्त येत होतं. सायकलचं हँडल वाकडं झालं होतं. शिवलीलाने पुढचं चाक दोन पायांत धरून ते सरळ केलं, वर्षाराणीला कॅरियरवर बसवलं आणि अजून पूर्ण ताकद न आलेल्या मनगटाने साडेतीन किलोमीटर डबलसीट मारली.

मी प्रयोगशाळेच्या दारात उभी होते. आठ वाजून सव्वीस मिनिटांनी दोघी जिना चढून आल्या. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं, वर्षाराणीच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "अपघात झाला का?"

"नाही सर," शिवलीला म्हणाली. "गाडी लागली नाही."

त्यांना वाटलं, नशीब चांगलं होतं असं ती म्हणतेय. त्यांनी दोघींना आत घेतलं.

मी वर्षाराणीच्या हातांवर पट्ट्या बांधल्या. पट्टी बांधलेल्या बोटांनी ब्युरेटची तोटी फिरवणं किती कठीण असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. थेंब थेंब सोडायच्या वेळी तिच्या हातून एक मिलिलिटर जास्त पडायचं. तीन वेळा तिला नव्याने सुरुवात करावी लागली. शेजारच्या टेबलावर शिवलीलाचं उत्तर बरोबर आलं, पण तिला अर्धा तास कमी मिळाला होता. लेखी भाग अपुरा राहिला.

दुपारी एकला बाहेर आले तर व्हरांड्यात गुरुपाद आणि हंबीरराव उभे. आकारामनेच गावात जाऊन सांगितलं होतं. लपवण्यासारखं त्याला काही वाटलंच नव्हतं.

"मॅडम, चुकलं," हंबीरराव म्हणाले. "आमाला आदीच सुचाया पायजे हुतं. ह्या दुसऱ्या पोरीलाबी गाडीत घेतो. दोघींना फुकट. आकारामला सांगितलंय."

"आणि बाकीचे सायकलवाले?"

"किती हायत?"

"मी मोजलेत. सकाळी सहा ते आठ, कळंब्याच्या उताराला. दोनशे बारा."

हंबीररावांनी खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या घालून केला.

"येवढी मानसं जीपमदी बसायची न्हाईत, मॅडम."

मला ओरडता येत नाही, लहानपणापासून येत नाही. पण त्या दिवशी आलं असतं तर बरं झालं असतं. दीड मीटर जागा सोडा आणि साइडपट्टी भरा, एवढंच सांगायला मी दोन महिन्यांत तीन जागी गेले होते. बांधकाम खात्याने माझा अर्ज घेतला आणि जखमींची पोलीस नोंद जोडा म्हणून परत दिला. चौकीतल्या हवालदारांनी गाडी न लागल्यामुळे नोंद होत नाही म्हणून सांगितलं. आणि आता इथे न्याय म्हणून आणखी एक जागा फुकट मिळत होती.

"आप्पा," शिवलीला वडिलांना म्हणाली, "मी जीपमदी बसनार न्हाय."

"आगं, त्यो आकाराम वाईट न्हाय."

"न्हायच की. माझ्यासाठीच पळवत हुता. वर्षी पडली ती माझ्यासाठीच पडली. मी आत बसले की भाईरचं कुनीबी पडू दे, आसंच न्हवं?" तिचा आवाज चढला. व्हरांड्यातली मुलं वळून बघू लागली. "लेखी परीक्षेला मी सायकलनं जानार. न्हायतर जातच न्हाय. दुकानात बसते तुमच्याबरं. शेंगदानं तोलते."

"बापाला उलटून बोलाय लागली," हंबीरराव पुटपुटले.

"तुमी गप बसा जरा," गुरुपाद म्हणाले. हंबीररावांना गावात असं कुणी बोलत नसावं.

गुरुपाद वर्षाराणीच्या हातांकडे पाहत होते. मग म्हणाले, "बरं."

लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झाली. पहिल्या पेपरला मी फाटकात उभी होते. दोघी सायकलवरून आल्या, डाव्या बाजूने, एकीमागे एक. त्यांच्या उजव्या हाताला, जवळजवळ रस्त्याच्या मधोमध, गुरुपाद त्यांच्या दुकानाच्या जाड कॅरियरच्या सायकलवर होते. धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, मान ताठ. मागे आकारामची जीप होती, जीपमागे एक टेम्पो आणि टेम्पोमागे आणखी काही. सगळे हॉर्न वाजवत होते. गुरुपाद जराही डावीकडे सरकत नव्हते. आकाराम खिडकीतून डोकं काढून विनवत होता, "आण्णा, साइड द्या की! आण्णा, लोक शिव्या द्याल्यात मला!"

पोरी आत गेल्या. गुरुपाद सायकलवरून उतरले, टॉवेलने तोंड पुसलं आणि दम खात फाटकाला टेकले. पन्नाशी उलटलेला माणूस, नऊ किलोमीटर.

"दुकान?" मी विचारलं.

"बंद. परीक्षा हाय तवर येतो रोज." टॉवेल खांद्यावर टाकत त्यांनी विचारलं, "फुडं काय घेनार म्हनती ती?"

"बी.एस्सी. म्हणतेय. इथेच."

"किती वर्सं आसतं?"

"तीन."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. तिकडे आता जिपा मोकळ्या सुटल्या होत्या आणि एक शाळकरी मुलगा सायकल हातात धरून साइडपट्टीवर उभा होता.

"सुट्ट्या सोडून?" गुरुपादांनी विचारलं.

"सुट्ट्या सोडून," मी म्हटलं.