पाच ते सहा

गल्लीत तिला सगळे कात्री म्हणत, आणि ते काही ती कपडे बेतायची म्हणून नव्हे. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की गिऱ्हाईक असो, नवरा असो, कुणाची गय नाही. मग एका प्रवचनात तिने ऐकलं, की शिकवण सगळी एकदम गिळायला जाऊ नका, ठसका लागेल. रोज एक घास घ्या. बाईंना पटलं. दुसऱ्याच दिवसापासून छोटासा नेम सुरू झाला: संध्याकाळी पाच ते सहा अवाक्षर बोलायचं नाही. वाणीवर ताबा!

नवरा खूश. "देव तुझं भलं करो," म्हणाला आणि त्या तासात पाय पसरून पेपर वाचू लागला. गिऱ्हाइकंसुद्धा नेमकी पाचलाच येऊ लागली, मेली! ती मुकाट्याने माप घ्यायची, बोटांनी तारीख सांगायची आणि मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटायची.

त्या दिवशी नवरा बाहेर गेला होता. साडेपाचच्या सुमाराला धाकटी बहीण आली. हातातल्या पिशवीत कसेबसे कोंबलेले कपडे, चेहरा पार उतरलेला. मशीनजवळच्या स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "ताई, घर सोडून आलेय. काल पुन्हा हात उचलला त्याने. थोडे दिवस तुझ्याकडे राहू?"

कात्री कुणाच्या तरी पँटची खालची दुमड हाताने शिवत होती. तिने वर बघितलं, घड्याळाकडे बोट दाखवलं, मग ओठांवर ठेवलं. सहा वाजू दे.

धाकटीला नेमाचं ठाऊक होतं; सगळ्या नातेवाइकांत त्याची थट्टा चालायची. "अगं, निदान मान तरी हलव," ती म्हणाली.

मान हलवायला नेमाची काय आडकाठी होती? पण कात्रीच्या डोक्यात भराभरा चक्रं फिरली. घर दोन खोल्यांचं. हिचा नवरा पिऊन येणार, दारात तमाशा करणार, गिऱ्हाइकं तुटणार. आणि हे लग्न करू नकोस म्हणून घसा फोडून सांगत होते, तेव्हा ऐकलं का बयेने? विचार करायला सहापर्यंत वेळ मिळाला, बरंच झालं. तिने मान खाली घातली आणि टाके घालत राहिली.

धाकटी थोडा वेळ बसली. मग पिशवी उचलून निघून गेली.

सहा वाजले तेव्हा कात्री बसस्टॉपपर्यंत धावत गेली, पण तिथे कोणी नव्हतं. फोन लागेना. नवरा घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तू नेमात होतीस. तुझा काय दोष?"

"नेम गेला चुलीत!" ती खेकसली. "मला 'राहा' म्हणायचं नव्हतं, म्हणून गप्प बसले. देवाच्या आड लपले मी, कळलं?" आणि तिला रडू फुटलं.

सकाळी ती धाकटीच्या दारात उभी राहिली. दार धाकटीनेच उघडलं. आत तिचा नवरा शीळ घालत दाढी करत होता.

"चल माझ्याबरोबर," कात्री म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

धाकटी परक्या माणसाकडे बघून हसावं तशी हसली. "कुठे? काल उगाच आले होते गं मी. बस, चहा टाकते."

चहा पाहुण्यांच्या कपातून आला. कात्रीने दोनदा हात धरला, हळू आवाजात माफी मागितली, घरी येण्यासाठी विनवलं. धाकटी कप विसळायला उठली.

जिन्यापर्यंत मात्र ती पोचवायला आली. "तू ओरडशील, याची तयारी करूनच आले होते मी," ती म्हणाली. "वाटलं, चार शिव्या घालशील आणि मग आत घेशील."

आतून हाक आली. ती वळली आणि दार लावून घेतलं.