दशांशचिन्ह उमटले नाही तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे आणि त्या दुपारची भीती अजून माझ्यातून गेलेली नाही.

घरातल्या थोरल्या मुलीने अकरावीत असताना मला विकत आणले. वेग, त्वरण, घनता, विरल द्रावणे, सगळी उदाहरणे आम्ही दोघांनी सोडवली. उत्तर जुळले की ती माझ्या पाठीवर टिचकी मारून म्हणायची, "शहाणा आहेस." त्या वर्षांत मी फार सुखात होतो.

मग ती नोकरीसाठी परगावी गेली आणि मी खणात पडलो. पेन्सिलीच्या सालपटांत, खोडरबराच्या चुऱ्यात दोन वर्षे गेली. धाकटी अकरावीत आली तेव्हा तिने मला बाहेर काढले, ओढणीने पुसले आणि लगेच कामाला जुंपले. दशांशचिन्हाच्या बटणाखाली चुरा साचला होता. ते बटण कधी लागायचे, कधी नाही. मला ते कळत होते, पण सांगणार कसे?

तिचे बाबा नळांना मुलामा देणाऱ्या कारखान्यात होते. मुलाम्याआधी नळ सौम्य आम्लात धुवावे लागत. एका दुपारी ते जेवायला घरी आले, ते हातात चिठ्ठी घेऊनच.

"बाळा, या वेळी वेगळंच आम्ल आलंय, तीस टक्क्यांचं. मला चाळीस लिटर मिश्रण करायचंय, दीड टक्क्याचं. त्यात आम्ल किती आणि पाणी किती?"

"एवढंच ना? हीच गणितं चालू आहेत आमची."

तिने एक दाबला, दशांशचिन्ह दाबले, पाच दाबला. चिन्ह उमटलेच नाही. दीडाचे पंधरा झाले. तिचे डोळे चिठ्ठीवर होते. चाळीसने गुणले, तिसाने भागले.

"आम्ल वीस लिटर, पाणी वीस लिटर."

"निम्मं निम्मं?" बाबा थबकले.

"गणित आहे बाबा, अंदाज नाही."

बाबांनी आकडा लिहून घेतला आणि ते गेले. माझ्या काचेवर ते वीस किती ऐटीत उभे होते म्हणून सांगू.

धाकटी गृहपाठाला बसली. एक बाई तीन तासांत साडेदहा किलोमीटर चालते, तर तिचा वेग काढा. मी उत्तर दिले, पस्तीस. तिला हसू आले. "ताशी पस्तीस? बाई आहे की मोटार?" तिने पुन्हा आकडे दाबले, या वेळी काचेकडे बघत. एक, शून्य, पाच. चिन्ह नाही.

तिचे हसू जागच्या जागी विरले.

बाबांचा फोन कोणी उचलेना. कामावर फोन कपाटात ठेवायचा नियम होता. तिने मला मुठीत धरले आणि पायांत चपला न घालता धावत सुटली. तिच्या तळव्याला सुटलेला घाम माझ्या बटणांत झिरपत होता. "दोन लिटर, दोन लिटर," ती पुटपुटत होती. कारखान्याच्या दारात पहारेकऱ्याने अडवले. "बाबांना थांबवा, आम्लाचा आकडा चुकलाय," एवढेच तिला कसेबसे बोलता आले. तो तिला घेऊन आत पळाला.

टाकीत पाणी भरलेले होते. बाबांच्या हातात आम्लाचा कॅन होता, पण तो तिरपा झालेला नव्हता. म्हातारे मिस्त्री टाकीसमोर हात आडवा धरून उभे होते.

"अर्धा तास सांगतोय यांना, एवढं घातलंत तर धूर डोळ्यांत जाईल," मिस्त्री म्हणाले. "हे ऐकेनात. म्हणे, मुलगी विज्ञान शिकते, तिचं चुकायचं नाही."

धाकटी बाबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "चुकलं बाबा. मी बघितलंच नाही." मग तिने मला बाजूला ठेवले आणि तिथल्याच पुठ्ठ्यावर हाताने गणित मांडले. आम्ल दोन लिटर, पाणी अडतीस. मिस्त्रींनी मान हलवली तेव्हाच बाबांनी पुन्हा कॅनला हात लावला.

मित्रांनो, आमच्या बटणांखालचा केर वेळच्या वेळी काढत जा, एवढे माझ्यासाठी करा. पण दुसरी विनंती तुमच्यासाठी आहे. माझ्या काचेवर खरे आणि खोटे एकाच ठळक अक्षरात उमटते. मला घाम फुटत नाही, माझा आवाज कापत नाही. म्हणून आकडा कोणाच्या हाती देण्याआधी घटकाभर थांबा आणि मला नाही, स्वतःला विचारा, असे होऊ शकेल का?