मांड्यातली बांगडी

जामनेरात त्या काळी देखण्या फिल्मची व्याख्या एकच होती, आणि ती जीवराम फोटोवाल्याने ठरवून टाकलेली होती: उजेड, आणखी उजेड. लग्नाच्या शूटिंगला निघाला की जीवरामच्या खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा असायचा आणि मागे धाकटा भाऊ शालिग्राम हॅलोजनचा दिवा घेऊन. तो दिवा तोंडावर पडला की नवरदेव डोळे मिचमिचवायचा, नवरीला घाम फुटायचा आणि पंगतीतल्या मावशा पदराआड व्हायच्या. पण कॅसेट हाती आली की तीच मंडळी खूश. सगळी तोंडं पांढरीफटक आणि वरून जळगावच्या मिक्सिंगवाल्याने सोडलेले लाल बदाम आणि गुलाब! अशा फिल्मला नावं ठेवायची कोणाची बिशाद होती?

एकटीची होती, ती म्हणजे त्याची बायको कुंदाबाई. ही बाई थिएटरात गेली की बाकीचे हिरोकडे बघायचे आणि ही हिरोच्या मागच्या भिंतीवरच्या सावलीकडे. घरी येऊन नवऱ्याला म्हणायची, "अहो, चांगल्या सिनेमात अर्धा पडदा काळा असतो. म्हणून तर उरलेला अर्धा डोळ्यांत भरतो. तुमच्या फिल्ममध्ये डोळ्याला टेकायला जागाच नसते."

"तो सिनेमा आहे, आपलं लग्नाचं शूटिंग आहे," जीवराम म्हणायचा. "लग्नात काळं दाखवलं तर पार्टी आपलंच तोंड काळं करील."

वाद असा बरीच वर्षं चालला असता. पण त्र्याण्णवच्या ऐन लग्नसराईत जीवरामच्या कमरेत उसण भरली आणि तो खाटेला खिळला. एक लग्न अंगावर घेतलेलं होतं. नवरी सुलभा जामनेरजवळच्या एका खेड्यातली, नवरदेव धुळ्याचा, आणि शूटिंग सांगितलेलं धुळेकरांनी. शालिग्रामला कॅमेऱ्याचं काम कधी आवडलंच नव्हतं. कॅमेरा विकून दुकानात झेरॉक्सचं मशीन बसवायचं त्याच्या डोक्यात होतं आणि धुळ्यात गिऱ्हाईकही त्याने बघून ठेवलं होतं. तो म्हणाला, "आता काय, लग्न सोडून द्या आणि कॅमेराही देऊन टाका."

"मी जाते की," कुंदाबाई म्हणाली.

बाईमाणूस खांद्यावर कॅमेरा घेऊन मांडवात फिरणार, हे जामनेरने पाहिलेलं नव्हतं. शेवटी जीवराम खाटेवरून म्हणाला, "जा. पण धुळ्याची पार्टी खूश झाली पाहिजे. नाही झाली, तर कॅमेरा तिथल्या तिथे गिऱ्हाइकाच्या हवाली. मग मी शालिग्रामला अडवणार नाही." कुंदाबाईने मान डोलावली. त्या कॅमेऱ्यातून एकदा मनासारखं बघायला मिळावं, एवढीच तिची कित्येक वर्षांची हौस होती.

लग्नघरी विहीणपंगतीला रस-मांडे होते. मांडे करायचा मान नवरीची आत्या भिकुबाईचा. मागच्या जुन्या, मातीच्या सपाट छताच्या धाब्याच्या घरात ती चुलीपुढे बसली होती. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर तापलेलं, आणि धुराने घर भरलेलं. पुरण भरलेला गोळा हातांवर घ्यायचा, या मनगटावरून त्या मनगटावर खेळवत वाढवायचा, आणि कोपरापर्यंत पसरला की अलगद खापरावर सोडायचा. आपल्याकडे मांड्याची पारख बायका एकाच गोष्टीवरून करतात: हातावर असताना मांड्यातून खालची बांगडी दिसली पाहिजे. नाही दिसली तर ती नुसती मोठी पुरणपोळी. आणि फाटला तर विहिणीपुढे माहेरची शोभा. म्हणून भिकुबाईने सकाळपासून तोंडातून शब्द काढला नव्हता.

कुंदाबाई दारात उभी राहिली. मागून शालिग्रामने सवयीप्रमाणे हॅलोजन थेट म्हातारीच्या तोंडावर सोडला.

"व माय!" भिकुबाई ओरडली. "बंद कर तो दिवा! डोळे दिपून राह्यले माह्ये. हा मांडा फाटला तर विहिणीच्या ताटात काय तुह्या दिवा वाढू?"

कुंदाबाईने कॅमेऱ्याला डोळा लावला होता. समोरून उजेड पडल्यामुळे मांडा पांढऱ्या फडक्यासारखा सपाट दिसत होता. बांगडी तर नव्हतीच, पण मनगटही दिसत नव्हतं. तिने डोळा काढून वर पाहिलं. धूर जायला धाब्याला ठेवलेल्या भोकातून उन्हाची एक तिरीप भिकुबाईच्या खांद्यामागून तिच्या हातांकडे उतरत होती आणि त्या तिरिपेत धूर सावकाश वर चढत होता. ही तिरीप सकाळपासून तिथे होती. दिव्याच्या झगमगाटात ती कोणाच्या डोळ्याला आलीच नव्हती.

"भाऊजी, दिवा बंद करा."

"वहिनी, डोकं ठिकाणावर हाये का? आत अंधारगुडुप हाये. काही येणार नाही."

"बंद करा म्हणते ना."

शालिग्रामने दिवा बंद केला. एवढंच नाही, मांडवात जाऊन चार लोकांत सांगूनही आला की वहिनीने आज शूटिंगचा बट्ट्याबोळ केला. त्याच्या आवाजात दुःख फारसं नव्हतं.

आत कुंदाबाई चुलीच्या या बाजूला गुडघे टेकून बसली. कॅमेरा अंधारात आपल्या मनाने उजेड वाढवायला बघत होता, ते बटण तिने बंद केलं. भिंती काळ्या झाल्या, भांडी गेली, भिकुबाईचं तोंडही गेलं. उरले फक्त तिचे दोन हात आणि मागून येणारं ऊन. मांडा मनगटावर आला, कोपराकडे सरकला, पातळ झाला, आणि ऊन त्यातून आरपार आलं. सगळा मांडा आतून सोनेरी उजळला. त्या उजेडात खालच्या बांगड्या एकेक करून उमटल्या. जवळ जावंसं वाटलं तरी कुंदाबाई हलली नाही, बटणं दाबत बसली नाही. मांडा खापरावर उतरेपर्यंत तिने फक्त पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं ते धुराचं म्हणावं तर तेवढंच नव्हतं.

बाकीचं लग्नही तिने नीट घेतलं. अक्षता, सप्तपदी, आहेर, व्याह्यांच्या भेटी, काही सोडलं नाही. फक्त दिवा लावू दिला नाही, आणि माणसं बाहेरच्या उजेडाकडे वळतील तिथे आपण उभी राहिली. पुढे जळगावला मिक्सिंगला स्वतः गेली. मिक्सिंगवाला छगन म्हणाला, "वहिनी, बदाम कुठे टाकू?" ती म्हणाली, "कुठेच नको. आणि मांड्यांवर गाणंही नको. बांगड्यांचा आवाज आहे तो तसाच ठेव." छगनने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू बिचारीला नवऱ्याच्या आजारपणाने काहीतरी झालं असावं.

जीवरामने कॅसेट खाटेवर पडल्या पडल्या पाहिली आणि डोळे मिटून घेतले. "काळं आलंय," एवढंच म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

जीवरामची कंबर जरा सुटल्यावर तिघं कॅसेट द्यायला एस्टीने धुळ्याला निघाले. कॅमेऱ्याची बॅग शालिग्रामच्या मांडीवर होती. गिऱ्हाईक दुपारी धुळ्याच्या स्टँडवर येणार होतं. कुंदाबाई सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत राहिली. बॅगेकडे बघायची तिची छाती झाली नाही.

धुळ्याच्या देवपूर भागात नवरदेवाचं घर माणसांनी भरलेलं होतं. भरदुपारी खिडक्या लावून, पडदे ओढून टीव्हीपुढे सगळी गल्ली बसली होती. पुढच्या खुर्चीवर नवरदेवाचा काका भाईदास. हा गृहस्थ कुठल्याही लग्नाची कॅसेट एकाच कामासाठी बघायचा: आपलं तोंड किती वेळा आलं. त्याच्या मागे नवरदेवाची आई दिवालीबाई, आणि स्वयंपाकघराच्या दारात नवी नवरी सुलभा डोक्यावर पदर घेऊन उभी.

फिल्म सुरू झाली. पहिलंच दृश्य काळोखाचं.

"हाई काय शे?" सगळंच काळं बघून भाईदास गरजला. "बठ्ठं काळं शे! मन्हं तोंड कोठे शे?"

"मी सांगितलं होतं," शालिग्राम पुटपुटला आणि त्याने बॅग जवळ ओढली. जीवरामने खाली मान घातली. क्षणभर कुंदाबाईला वाटलं, टीव्ही बंद करावा, माफी मागावी आणि उठून जावं.

तेवढ्यात काळोखात धुराची रेघ दिसली. मग दोन हात वर आले, त्यांच्यावर मांडा पसरायला लागला. खोलीत फक्त टीव्हीतल्या बांगड्या वाजत होत्या. मांडा सोनेरी झाला आणि दिवालीबाई एकदम उभी राहिली.

"बांगड्या दिखी ऱ्हायन्यात व माय!"

"माह्यी आत्या!" दारातून सुलभा ओरडली आणि पदराचं भान सोडून पुढे आली. तोंड दिसत नव्हतं, नाव लिहिलेलं नव्हतं, पण पोरीने हात ओळखले होते. ती हसत होती आणि रडतही होती. दिवालीबाईने त्या पंगतीत हा मांडा घडी घातलेला, तुपात माखलेला खाल्ला होता. तो असा होता हे तिला आता कळत होतं. तिने सुनेला जवळ ओढलं आणि म्हणाली, "एवढं करं व्हतं तुन्हा आत्यानी आम्हनासाठे?"

पडद्यावर आहेर सुरू झाला, भाईदासचं तोंड चांगलं मोठं आलं, पण त्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. मागून बायकांचा गलका उठला. भाईदास वैतागून उठला, टीव्हीपुढे आडवा झाला, आणि सगळ्यांना वाटलं आता हा भांडणार.

"मन्हं तोंड ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तो मांडा परत दखाडा!"

मांडा परत लावला. पुन्हा लावला. शेजारच्या गल्लीतून बायका बोलावून आणून लावला. शेवटी दिवालीबाईने जीवरामला विचारलं, "भाऊ, हाई शूटिंग कोनी करी?"

जीवराम तोंड उघडणार तोच कुंदाबाई म्हणाली, "मी केली."

आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. जीवरामने तिच्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं वाद घातलेल्या नवऱ्याच्या डोळ्यांत इतका अभिमान असू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. "हिनेच केली," तो म्हणाला. "मी तर हे काळं आलं म्हणून डोळे मिटून घेतले होते."

दिवालीबाईने कुंदाबाईचा हात धरला आणि तिला थेट आत नेलं. "मन्हा घरमा असा उजेड कोठे पडस, ते माले दखाड." बाकीच्या बायकाही उठल्या. ओट्यापासून देवघरापर्यंत सगळ्या आपापल्या बोटाने कवडसे दाखवायला लागल्या. ज्या घरात त्यांचा जन्म गेला होता, ते त्या पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या फिरत होत्या.

मागच्या दाराशी कुंदाबाई थांबली. दार थोडं लोटल्यावर उन्हाची पट्टी जात्यावर पडत होती. ती माघारी वळली, शालिग्रामच्या मांडीवरची बॅग उचलली आणि चेन उघडली. स्टँडवर गिऱ्हाईक येऊन थांबलं असणार; शालिग्रामने घड्याळाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि रिकामी बॅग उचलून बाजूला ठेवली.

"दिवा लावू का?" जीवरामने विचारलं.

"नको. तुम्ही त्या खिडकीचा पडदा ओढा. दिवालीबाई, तुम्ही जात्यावर बसा, आणि माझ्याकडे बघू नका. भाईदासभाऊ, तुम्ही हे दार धरा. एवढंच उघडं."

धुळ्यात ज्याच्यापुढे चारचौघे बोलायला कचरायचे तो भाईदास दाराशी जाऊन उभा राहिला. दार एक बोटभर हललं.

"हलवू नका!" कुंदाबाई कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाली.

"नही हलावत, ताई," भाईदास हळूच म्हणाला. "आसंच धरी ठेवू ना?"